जास्तीची पट्टी

धाकट्या भावाने विमान बांधायला घेतलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं नाही. ते काम करायला घरात इतर माणसं भरपूर होती. मी एवढंच विचारलं, की इंजिन कशावर बसवणार?

तो जळगावला असतो. पंप आणि मोटारींचं दुकान आहे. पहूरजवळच्या शेतात एक मोठी शेड आहे, पूर्वी तिथे कापूस ठेवायचे, आता तिथे विमान होतं. एकाच माणसाने बसायचं, छोटं, परदेशातून नकाशे मागवून घरी बांधायचं. उडवायचं रीतसर शिक्षण त्याने घेतलं होतं, परवान्याच्या कागदांमागे तो कितीतरी वर्षं फिरला होता. हे सगळं करताना त्याच्या डोळ्यांसमोर पंख होते. माझ्या डोळ्यांसमोर इंजिन होतं. कारण पंख नीट बसलेत की नाही ते लांबून दिसतं. इंजिन ज्या सांगाड्यावर लटकलेलं असतं तो सांगाडा झाकणाखाली असतो, आणि तो तुटला तर पुढचं वजन जातं, विमान शेपटीवर बसतं आणि मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. हे मी वाचलं होतं. वाचायला नको होतं, असं मला बरेचदा वाटलं.

धुळ्याला माझं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, दूध डेअरीच्या स्टीलच्या टाक्या. टाक्यांचं आर्गन वेल्डिंग मी स्वतः करते, वडिलांनी शिकवलं म्हणून आणि दुसऱ्या कुणाचं मला पटत नाही म्हणून. त्यामुळे भाऊ त्या सांगाड्याचा नकाशा घेऊन आला तेव्हा त्याला ठाऊक होतं मी काय म्हणणार.

"मी करणार नाही," मी म्हटलं.

"बरं. मग दुसरीकडे टाकतो."

"कुणाकडे?"

"बघतो कुणीतरी. नळ्याच तर जोडायच्यात, अक्का."

नकाशा मी त्याच्या हातातून काढून घेतला. तो हसला. लहानपणापासून तो माझ्याकडून अशीच कामं करून घेत आला आहे.

हा सांगाडा, म्हणजे इंजिनचा माउंट, म्हणजे काय, तर बोटाएवढ्या जाडीच्या पोलादी नळ्यांचा त्रिकोणात्रिकोणांचा पिंजरा. एका बाजूला चार बोल्टांनी विमानाला, दुसऱ्या बाजूला रबरांवर इंजिनला. नळीची भिंत जेमतेम एक मिलिमीटर. आमच्या ट्रॉलीचा सर्वांत पातळ पत्रा याहून जाड असतो. पोलाद वेगळं, महाग, मुंबईहून मागवलेलं. त्याला घाई केलेली चालत नाही. प्रत्येक नळीचं टोक दुसरीच्या गोलाईवर कागद सरकणार नाही इतकं घासून बसवायचं, मगच आर्गन लावायचं, आणि मग वाऱ्यापासून झाकून हळूहळू निवू द्यायचं. मी दारं बंद करून, पंखा बंद करून काम केलं. मेच्या उन्हात, तळून निघत. आमच्या मिस्त्रींनी बाहेरून विचारलं, "ताई, मधमा पापड तयी राह्यन्यात का?"

मिस्त्री साक्रीकडचे. माझ्या वडिलांच्या हाताखाली आले, आता केस पिकलेत. ट्रॉलीच्या कामात त्यांच्यासारखा माणूस नाही. माउंटला ते फाउंडेशन म्हणायचे, ट्रकवाले म्हणतात तसं, आणि त्या बारीक नळ्यांकडे बघून त्यांना खरोखर दया येत असे. "हाई भाऊले धरी ठेवनार?" असं त्यांनी दोनतीनदा तरी विचारलं.

म्हणून त्यांच्यासमोरच वजन टांगून दाखवलं. भिंतीत जाड लोखंडी चॅनेल गाडलं, माउंट विमानाला बसतो तसाच चार बोल्टांनी त्यावर बसवला आणि इंजिनच्या जागी सरकीची पोती लटकवली. हवेत धक्का बसला की इंजिन आपल्या वजनाच्या तिप्पटचौपट जड होतं, त्यावर आणखी निम्मं धरून आम्ही पोती चढवत गेलो. मी प्रत्येक पोत्यानंतर टॉर्च घेऊन सांधे बघत होते. नळ्या किंचित वाकल्या, पोती उतरवल्यावर जागेवर आल्या. भावाने शेवभाजी मागवली, सगळे जेवले. मला जेवण गेलं नाही, पण ती गोष्ट तिथे संपली असं मी ठरवलं.

पुढे इंजिन बसलं, जमिनीवर चालवून झालं, आणि दसऱ्याच्या आठवड्यात भावाने माउंट काढून पुन्हा वर्कशॉपला पाठवला. रबरं बदलायची होती आणि गंज येऊ नये म्हणून रंगाचा एक हात द्यायचा होता. दसऱ्यानंतरच्या रविवारी पहिलं उड्डाण ठरलं होतं. त्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून मी जळगावला होते. फोनवर मिस्त्रींना सांगितलं, घासून पातळ रंग मारा, बाकी हात लावू नका. ते म्हणाले, "बठ्ठं करस, ताई. तुम्ही मायकडे ध्यान द्या."

दसऱ्याच्या सकाळी मी परत आले. आमच्याकडे दसऱ्याला वर्कशॉप ओळखू येत नाही. सगळ्या मशीनला नवा रंग, ड्रिलला झेंडूची माळ, ऐरणीवर नारळ, वेल्डिंगच्या मशीनला पाच बोटं कुंकू. ग्राइंडर, पाने, हातोड्या धुऊनपुसून पाटावर मांडलेल्या. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, त्यांना एक दिवस सुट्टी. वडील हे इतकं कडक पाळायचे की एका दसऱ्याला कुणाचा टँकर गळत आला तरी त्यांनी त्याला बादली लावून बसवून ठेवलं होतं.

माउंट मधोमध पाटावर होता. चकचकीत चांदीचा रंग, दोन हात तरी जाड, त्यावर माळ. भाऊ जळगावहून त्याला न्यायला आला होता. साडेतीन मुहूर्तातला दिवस, आजच माउंट विमानाला लागला पाहिजे, असं त्याचं होतं. विमान बांधणारा माणूस मुहूर्त बघतो याचं मला हसू आलं. पूजा झाली. मी हळदकुंकवाचं बोट प्रत्येक मशीनला लावत माउंटपर्यंत आले. वरच्या नळीला बोट टेकवलं आणि ते अडखळलं.

तिथे काही असायला नको होतं. ती नळी मी स्वतः घासली होती, हाताला पाठ होती. रंगाखाली एक सरळ कड होती, आडवी. मी कुंकू लावण्याच्या मिषाने बोट पुढे नेलं. पलीकडच्या नळीवरही होती. दोन नळ्यांच्या मध्ये एक चपटी पट्टी बसली होती.

"हे काय आहे?"

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर एकदम आनंद आला. ते याच प्रश्नाची वाट बघत होते. "पट्टी मारी दिधी, ताई. दोन्ही बाजूले. कोनी सांगं नही, मी मना मननं मारी."

आमच्या धंद्यात ही एक पद्धत आहे. गिऱ्हाईक ओळखीचं असलं, आपलं असलं, की काम झाल्यावर मिस्त्री न सांगता एखादी पट्टी जास्तीची मारून देतो. भाजीवालीने वर कोथिंबीर टाकावी तशी. त्याचं कुणी बोलत नाही. गिऱ्हाईकाला कधी दिसलीच तर ते येताना केळीचा फणा घेऊन येतं. माझ्या वडिलांच्या ट्रॉल्यांचं नाव अशा पट्ट्यांनीच झालं होतं.

"कशाने मारली?" मी विचारलं.

"आपला साध्या मशीनवर. पक्की शे."

साधं मशीन म्हणजे ट्रॉलीचं मशीन. जाड रॉड, भरपूर आग. एक मिलिमीटरच्या नळीवर ती आग आडवी फिरवली म्हणजे पट्टीच्या कडेला नळी भाजून कडक होते, काचेसारखी. तिथे इंजिनची थरथर पोचली की मऊ पोलाद जे सोसतं ते हे सोसत नाही. ट्रॉलीतही भेग पट्टीत जात नाही, पट्टीच्या कडेने जाते. पण चॅनेल इतकं जाड असतं की भेग आरपार जायला वर्षं लागतात.

"अक्का, मजबूतच झालं ना?" भाऊ म्हणाला.

"नाही. हा माउंट जाणार नाही."

"लोड टेस्ट झालीय की."

"ती या पट्टीच्या आधी."

मिस्त्री आमच्या दोघांकडे बघत होते. "ताई, भाऊ आभायमा जाई राह्यना. रस्तामा ट्रॉली मोडनी ते ट्रॅक्टर थांबस. आभायमा काय थांबस? म्हनून मारी." मग माउंटकडे हात करून म्हणाले, "पूजा व्हयेल वस्तूवर पाय देता येत नही, नही ते वर चढीसनी नाची दखाडतू."

सगळे हसले. भाऊही हसला, आणि त्या हसण्यात मी हरले. मला त्याच क्षणी रंग खरवडून सांधा बघायचा होता. पण ग्राइंडर फुलांखाली होता, पॉलिश पेपरसुद्धा पाटावर होता, आणि दहा माणसं हातात आपट्याची पानं घेऊन उभी होती. साधी चाकूची धार लावली असती तरी मिस्त्रींना ती थोबाडीत मारल्यासारखी लागली असती. मी भावाला बाजूला घेतलं.

"लाव तुझ्या मुहूर्तावर. पण मी येऊन बघितल्याशिवाय चाक जमिनीवरून उचलायचं नाही."

"इंजिन तर चालवू ना? रबरं नवी आहेत."

"चालव. उडायचं नाही."

"तू आईपेक्षा वाईट आहेस," तो म्हणाला, माझ्या हातावर सोनं ठेवलं आणि माउंट माळेसकट गाडीत घालून गेला.

तो दिवस मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. लोक सोनं द्यायला येत होते, मी चहा करत होते आणि मनात नळ्या मोजत होते. वरच्या दोन नळ्या इंजिनची ओढ खातात. पट्ट्या नेमक्या त्यांनाच. मी स्वतःला समजावलं की जमिनीवर काही होणार नाही. मग आठवलं की भाऊ जमिनीवर जोरात पळवून बघतो, शेपटी उचलेपर्यंत, आणि शेपटी उचलल्यावर चाकं उचलायला फार काही लागत नाही. फोन केला तर उचलला नाही. पुन्हा केला तर वहिनी म्हणाली, "ते शेडमध्ये आहेत, हात तेलाचे आहेत. तुम्हाला काय सांगू?" मी म्हटलं, सांग की उद्या येते. याहून जास्त बोलून तिला घाबरवण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी काढली. सोबत दूधटाक्यांच्या सांध्यांसाठी वापरतो ते डीपी टेस्टचे तीन डबे घेतले: धुण्याचा, लाल आणि पांढरा. लाल रंग भेगेत शिरतो, वरून पुसला तरी आत राहतो, आणि पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला की बाहेर येऊन भेगेची रेघ काढतो. दूध गळू नये म्हणून शोधलेली युक्ती नाही ती, पण आम्ही त्यासाठीच वापरतो.

शेतात कापसाची वेचणी चालली होती. शेडच्या बाहेरूनच इंजिनचा आवाज ऐकू आला. विमान खुंटीला बांधलेलं होतं, निदान तेवढं तरी. मी हाताने खूण केली, त्याने इंजिन बंद केलं.

"किती चालवलंस?"

"कालपासून जमेल तसं. अक्का, लोण्यासारखं चालतंय."

"झाकण काढ."

तो झाकण काढायला लागला. त्याला राग आला होता. रागात तो नेहमीपेक्षा हळू काम करतो. धातू निवेपर्यंत आम्ही थांबलो. वेचणीच्या बायका बांधावर येऊन बघत होत्या. एक म्हणाली, "अक्का, फवारणी करशाल का याच्यावरून?" मी म्हटलं, आधी उडू तर दे.

मग मी उजवीकडच्या पट्टीच्या कडेचा रंग खरवडला. चांदीच्या रंगाखाली आणखी एक थर होता, त्याखाली वेल्डिंगची शिवण. शिवण देखणी होती. मिस्त्रींचा हात वाईट नाहीच. मी धुतलं, लाल लावलं, वाट बघितली, पुसलं, पांढरा फवारा मारला.

पट्टीच्या कडेला नखाएवढी लाल रेघ उमटली.

"रंग राहिला असेल," भाऊ म्हणाला. "खाचेत."

"असेल."

"पुसून पुन्हा कर."

मी पुन्हा धुतलं, घासलं, पहिल्यापासून केलं. या वेळी तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा श्वास कानाला लागत होता. पांढरं वाळलं. काही क्षण काहीच नव्हतं आणि मला लाज वाटायला लागली, की उगाच दसऱ्याचा विरस केला. मग रेघ आली. त्याच जागी, तेवढीच लांब, केसाएवढी बारीक. डावीकडेही केलं. तिथे दोन होत्या.

तो उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला. बराच वेळ त्याने चेहऱ्यावरचं तेल पुसण्याचं काम केलं.

"रविवारी मी उडणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू येणार नसतीस तर कालच शेपटी उचलून बघणार होतो. वहिनी म्हणाली तू येतेयस म्हणून राहिलो."

"कोण वहिनी?"

"तुझी वहिनी. माझी बायको." स्वतःच्या बायकोला तो वहिनी म्हणत होता, इतका भांबावला होता. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याऐवजी मी पाना उचलला आणि बोल्ट सोडवायला लागले.

माउंट मी धुळ्याला आणून मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा टेस्ट केली. मला त्यांना खाली बघायला लावायचं नव्हतं. पण न दाखवता सोडलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी तीन पट्ट्या मारल्या असत्या. त्यांनी रेघेवर नख फिरवलं. नखाला काही लागत नव्हतं.

"ट्रॉलीले काही होत नही. आठे का बरं?"

मी सांगितलं. पातळ नळी, साधं मशीन, आग, थरथर. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. शेवटी म्हणाले, "मंग मी न मारती ते बरं व्हतं."

"हो."

"भाऊले काय सांगं तुम्ही?"

"भाऊने बघितलं."

ते उठून बाहेर गेले आणि हौदावर बराच वेळ हात धूत राहिले. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी एका ट्रॉलीच्या हुकाला न सांगता पट्टी मारताना मी त्यांना बघितलं. काही म्हटलं नाही. ट्रॉलीचं ते बरोबर आहे.

जुना माउंट मी कापून टाकला. भाऊ म्हणाला, पट्ट्या काढून नळ्या बदलता येतील. मी कापत राहिले. नवा बनवायला दिवाळी उलटली. पुन्हा नळ्या मागवल्या, पुन्हा दारं बंद, पुन्हा भिंतीला पोती. या वेळी वजन पेललं तरी मला सुटका वाटली नाही, कारण पेलणं आणि थरथर सोसणं यांतला फरक आता मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि थरथरीची परीक्षा पोत्यांनी घेता येत नाही. ती उडूनच होते. रंग मी स्वतः दिला, पांढरा, इतका पातळ की खालचं पोलाद जाणवावं. पांढऱ्यावर भेग काळी दिसते. भाऊ म्हणाला, दवाखान्यातली खाट वाटतेय.

थंडीत, वारा पडलेल्या एका सकाळी धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर तो उडाला. पाहणीला आलेले विमानखात्याचे साहेब, त्याची बायको, आई काळा चष्मा लावून, मिस्त्री नवी टोपी घालून. सगळे वर बघत होते. मी बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल, मी ऐकत होते. इंजिनचा सूर किंचित बदलला की माझी बोटं आईच्या हातात रुतायची, आणि ती म्हणायची, "अगं, मला दिसत नाहीये, तू तरी सांग काय चाललंय." मी सांगत होते, वळतोय, सरळ आहे, वळतोय. मिस्त्रींचे ओठ हलत होते. तो दोन फेऱ्या मारणार होता. त्याने तीन मारल्या. तिसरीला मी त्याला मनात ज्या शिव्या दिल्या त्या आईने कधी ऐकलेल्या नाहीत.

तो उतरला. पंखा थांबायच्या आधीच सगळे धावले. त्याला खांद्यावर घ्यायचं चाललं होतं, वहिनी रडत होती, कुणीतरी पेढ्यांचा पुडा उघडला. तो माझ्याकडे बघून ओरडला, "अक्का! बघितलंस?"

"झाकण काढू दे," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

साहेब हसले, पण बाजूला झाले. मिस्त्रींनी दुसरीकडून स्क्रू सोडवायला घेतले, मला न विचारता. झाकण निघालं. गरम हवेचा झोत अंगावर आला. पांढरा रंग वरून तरी स्वच्छ होता, पण डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर मी थांबणार नव्हते आणि लाल रंग तापलेल्या धातूवर चालत नाही. भावाने पेढा माझ्या तोंडासमोर धरला. मी तो घेतला आणि हातातच ठेवला.

"आता कशाची वाट बघायची?" आई विचारत होती.

"निवायची," मिस्त्री म्हणाले.

मी वरच्या नळीजवळ हात नेऊन पाहिला. अजून पोळत होतं.